हॉलमध्ये कॅन्सलचं बटण नसतं

एखाद्या ॲपने महिना १९९ रुपयांचं सबस्क्रिप्शन बंद करायचं बटण चार मेन्यूंच्या आत लपवलं, तर ते आता नियमाविरुद्ध आहे. ३० नोव्हेंबर २०२३ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न' रोखणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा युक्त्या नावानिशी दिल्या आहेत. मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे ही यादी कामाचा भाग म्हणून वाचावी लागली. 'फक्त दहा मिनिटं उरली' असा खोटा टायमर लावायचा नाही. 'नको' म्हणणाऱ्याला लाज वाटेल असा मजकूर बटणावर टाकायचा नाही. आधी कमी किंमत दाखवून शेवटच्या पानावर ती फुगवायची नाही. आत शिरणं सोपं आणि बाहेर पडणं अवघड, असं सबस्क्रिप्शन बनवायचं नाही.

नियम चांगले आहेत. पण ते लिहिलेत स्क्रीन डोळ्यांसमोर ठेवून. रविवारी दुपारी हॉटेलच्या एसी हॉलमध्ये टाय लावलेला एक मुलगा तुमच्या आईवडिलांसमोर बसून यातल्या निम्म्या युक्त्या तोंडी करतो, तेव्हा पॉप-अपही नसतो आणि स्क्रीनशॉटही घेता येत नाही.

टाइमशेअर हा शब्द आपल्याकडे कुणी उच्चारत नाही. इथे त्याला हॉलिडे मेंबरशिप म्हणतात. आज काही लाख भरा, पुढची दहा किंवा पंचवीस वर्षं दरवर्षी ठरावीक दिवस कंपनीच्या रिसॉर्टमध्ये राहा. सुरुवात मॉलमधल्या लकी ड्रॉच्या कुपनापासून होते. मग फोन येतो: अभिनंदन, तुमचं गिफ्ट तयार आहे, फक्त नवरा-बायको दोघांनी यायचं, येताना क्रेडिट कार्ड आणायचं. 'दोघांनी' या अटीत सगळी हुशारी आहे. मराठी माणसाचं नकार देण्याचं सगळ्यात जुनं हत्यार म्हणजे 'घरी विचारून सांगतो'. घरच शेजारच्या खुर्चीवर आणून बसवलं, की ते हत्यार गेलं.

माझ्या मावशी-काकांना दीड तास सांगून साडेचार तास बसवलं होतं. दर थोड्या वेळाने कुठल्यातरी टेबलावर सही व्हायची आणि सगळा हॉल टाळ्या वाजवायचा. काका उठायला लागले की 'मॅनेजर' यायचा आणि किंमत आणखी उतरायची, पण फक्त आजच्यापुरती. शेवटी मुलगा मावशीला म्हणाला, "काकू, आयुष्यभर तुम्ही सगळ्यांसाठी केलंत, सरांनी तुमच्यासाठी एवढंही करू नये?" हेच वाक्य मी एखाद्या बटणावर लिहिलं असतं, तर आमच्या लीगल टीमने मला केबिनमध्ये बोलावलं असतं.

टेबलावरचं गणित असं असतं. समजा चार लाख रुपये, पंचवीस वर्षं, वर्षाला सात रात्री. म्हणजे १७५ रात्री, रात्रीला जेमतेम २,३०० रुपये. स्वस्तच की! आता खरं गणित करू. तेच चार लाख सात टक्क्यांनी एफडीत ठेवले तर वर्षाला २८,००० व्याज येतं, आणि मुद्दल शाबूत राहतं. त्यात वार्षिक देखभाल फी मिळवा. ती समजा २०,००० धरली, तर सात रात्रींना ४८,००० झाले, म्हणजे रात्रीला सुमारे ६,८५०. जेवण वेगळं, प्रवास वेगळा. फी दरवर्षी वाढू शकते, आणि एखाद्या वर्षी गेला नाहीत तरी भरावी लागते. शिवाय शाळेच्या सुट्ट्या सगळ्यांच्या एकदमच असतात. मे महिना आणि दिवाळी सोडून हव्या तितक्या खोल्या मिळतात, असं मावशी सांगते.

यावर ठरलेलं उत्तर येतं: सही केली ना? वाचायचं होतं. हे उत्तर देणाऱ्यांमध्ये माझे बरेच मित्र आहेत, जे स्वतः 'आय ॲग्री'वर न वाचता टॅप करतात. ते सोडा. पण हॉलमध्ये 'कागद घरी नेऊन वाचतो' म्हटलं की ऑफर संपते. म्हणजे न वाचण्यासाठीच सवलत दिली जाते. एक बाजू हा प्रयोग दर शनिवार-रविवारी करते, दुसरी बाजू आयुष्यात एकदाच त्या खुर्चीवर बसते. याला दोन सज्ञान पक्षांमधला करार म्हणायला माझी हरकत आहे.

मेंबरशिपवर खूश असलेली कुटुंबंही आहेत, मी पाहिली आहेत. सहा महिने आधी बुकिंग करणारी, शिस्तीची माणसं. माझं भांडण खोल्यांशी किंवा स्विमिंग पूलशी नाही, दाराशी आहे. वस्तू चांगली असेल तर दाराला बाहेरून कडी कशाला लागते?

युरोपियन युनियनच्या २००८च्या टाइमशेअर निर्देशानुसार ग्राहकाला कारण न देता बाहेर पडायला चौदा दिवस मिळतात, आणि तोवर त्याच्याकडून आगाऊ पैसे घ्यायलाच बंदी आहे. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा कायदा नाही. काही कंपन्या स्वतःहून थोडे दिवस देतात, पण ते करारात असेल तर, आणि तुम्ही ते मुदतीत वाचलं तर.

आता हिशेबाची गंमत बघा. १ एप्रिल २०१८पासून लागू झालेल्या 'इंड एएस ११५' या लेखामानकानुसार कंपनीला आगाऊ घेतलेले पैसे सेवा दिली जाईल तसे उत्पन्न म्हणून दाखवावे लागतात. पंचवीस वर्षांच्या मेंबरशिपची रक्कम पंचवीस वर्षांवर पसरते, आणि उरलेला भाग ताळेबंदात देणं म्हणून उभा राहतो. म्हणजे ऑडिटरला कंपनी सांगते, हे पैसे आम्ही अजून कमावलेले नाहीत. मेंबरला सांगते, नॉन-रिफंडेबल. न वापरलेल्या वर्षांचा हिशेब कंपनीकडे आधीच तयार आहे. तो परत करायला लावणारा नियम तेवढा हवा.

तो येईपर्यंत बाहेर पडायची धडपड स्वतःच करावी लागते. रद्द करायची मागणी फोनवर नाही, ईमेल आणि स्पीड पोस्टाने करायची, आणि हॉलमध्ये दिलेली कुठली आश्वासनं पाळली गेली नाहीत ते त्यात मुद्देसूद लिहायचं. पैसे कर्जाने किंवा कार्डाच्या ईएमआयवर भरले असतील तर रागाच्या भरात हप्ते थांबवू नका. ते देणं बँकेचं असतं आणि फटका तुमच्या क्रेडिट स्कोअरला बसतो. करारात लांबच्या शहरातलं कोर्ट किंवा लवाद लिहिलेला असतो, त्याने घाबरायचं कारण नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, आणि लवादाचं कलम ग्राहक आयोगाची वाट अडवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये एमार एमजीएफच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची. करारातल्या अटीच अन्याय्य आहेत असं म्हणायचं असेल, तर जिल्हा नव्हे, राज्य आयोग गाठावा लागतो. पहिली विचारपूस करायला १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

मावशीचा अर्ज गेलाय. त्यानंतर महिन्याभरात तिला एक फोन आला. तुमची मेंबरशिप आम्ही विकून देतो, गिऱ्हाईक तयार आहे, फक्त जीएसटीपोटी अठरा हजार आधी भरा. ती भरणार होती. मी फोन हातात घेतला तर त्या माणसाकडे तिचा मेंबरशिप नंबर होता, खरेदीचं वर्ष होतं, भरलेली रक्कम शेवटच्या रुपयापर्यंत होती. ही माहिती तुझ्याकडे कुठून आली, असं विचारल्यावर त्याने फोन ठेवला. तोच प्रश्न आम्ही कंपनीलाही लेखी विचारलाय. उत्तर अजून आलेलं नाही. यंदाच्या वार्षिक फीचं बिल मात्र वेळेवर आलं.