पासपोर्टाचं इंग्रजी, आईचं इंग्रजी

माझी धाकटी मावसबहीण न्यू जर्सीत जन्मली आणि वाढली. मराठी तिला सगळं समजतं, बोलताना मात्र अडखळते. शिक्षिका व्हायचं म्हणून ती कॉलेजात शिकत होती आणि २०१६ साली, विसाव्या वर्षी, एका सत्रासाठी दक्षिण कोरियातल्या एका खेड्यात लहान मुलांना इंग्रजी शिकवायला गेली. दर रविवारी ती मला फोन करायची. तेव्हा मी ते ‘पोरीचे परदेशातले अनुभव’ म्हणून ऐकलं आणि सोडून दिलं. गेल्या वर्षी आमच्या वस्तीत एक प्रसंग घडला आणि तिचं बोलणं नव्याने आठवलं. म्हणून हे लिहिते आहे.

योजना तिथल्या सरकारची होती. २००८ साली सुरू झाली, आता बंद झाली आहे. परदेशात विद्यापीठाची दोन वर्षं पुरी केलेल्या विद्यार्थ्यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांत जायचं आणि शाळा सुटल्यानंतरचे इंग्रजीचे वर्ग घ्यायचे. आठवड्याला १५ तास काम, महिना १५ लाख वॉन विद्यावेतन. कोरियात इंग्रजी ही साधी गोष्ट नाही. १९९७ पासून तिसरीपासून ती सक्तीची आहे. विद्यापीठ प्रवेश परीक्षेत इंग्रजी ऐकण्याचा भाग चालू असताना आवाज नको म्हणून देशभरातली विमानांची ये-जा थांबवतात!

पण शिकवायला कोण चालतं? इंग्रजी ज्यांची मातृभाषा, असे तिथल्या सरकारच्या लेखी देश सातच: अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत त्यात नाही. फिलिपिन्सही नाही. २०१० साली भारत-कोरिया व्यापार करार लागू झाला तेव्हा भारतीयांना सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून जायची वाट कागदावर खुली झाली, पण त्यांच्याकडे पदवी हवी आणि शिक्षकाचं प्रमाणपत्रही हवं. सात देशांतल्या माणसाला व्हिसासाठी कुठल्याही विषयाची पदवी पुरते. आमच्या बहिणीची तर पदवीही अजून व्हायची होती. पुण्यात महापालिकेच्या शाळेत बारा वर्षं इंग्रजी शिकवणारी माझी एम.ए., बी.एड. मैत्रीण हे ऐकून खूप हसली. मला हसू आलं नाही.

या सात देशांच्या शिक्षकांचं सगळं सुखाचं होतं असंही नाही. अनेक वर्षं परदेशी इंग्रजी शिक्षकांना एच.आय.व्ही.ची चाचणी सक्तीची होती. कोरियन शिक्षकांना नाही, कोरियन वंशाच्या परदेशी शिक्षकांनाही नाही. न्यूझीलंडच्या एका शिक्षिकेने २००९ मध्ये पुन्हा चाचणी द्यायला नकार दिला, नोकरी गमावली, आणि थेट संयुक्त राष्ट्रसंघाच्या वंशभेदविरोधी समितीकडे गेली. २०१५ मध्ये समितीने तिच्या बाजूने निर्णय दिला आणि २०१७ मध्ये ही सक्ती उठली. एकटीने दिलेली ही लढत आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही, म्हणून इथे नोंदवते.

तर आमची बहीण. सावळी, काळ्या केसांची. ‘मी अमेरिकन’ म्हटल्यावर पोरांचा विश्वासच बसेना. एकीने तिच्या हातावर बोट घासून पाहिलं. पण आठवड्याभरात सगळी तिला चिकटली. दुपारी स्टीलच्या ताटांत सगळ्यांनी एकत्र जेवायचं, शाळेत शिरताना बूट काढून चपला घालायच्या, सकाळी ‘हाऊ आर यू’ विचारलं की सगळ्या वर्गाने एका सुरात ‘आय अॅम फाइन, थँक्यू, अँड यू?’ म्हणायचं. एखादं पोर तापाने फणफणलेलं असलं तरी तेच!

तिसरीत एक मुलगी होती. वर्गात मागे बसायची, तोंड उघडायची नाही. चित्रातल्या संत्र्याला सगळी मुलं ‘ओरेंजी’ म्हणायची, तीही तसंच पुटपुटायची. (या एका शब्दावरून तिथे २००८ साली केवढा गदारोळ झाला होता! नव्या राष्ट्राध्यक्षांच्या सत्तांतर समितीच्या प्रमुख बाईंनी याचा उच्चार सुधारला पाहिजे असं जाहीरपणे सांगितलं, आणि देशभर त्यांची चेष्टा झाली.) एकदा वर्ग संपल्यावर ही मुलगी खडू गोळा करायला मागे राहिली आणि सहज, स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, टीचर, तुम्ही आज दमलेल्या दिसता. बहीण चकित. इतकं चांगलं बोलतेस, मग वर्गात का नाही? मुलगी पळून गेली.

मुलीची आई फिलिपिन्सची होती. कोरियातल्या खेड्यांतून तरुण मुली शहरांकडे गेल्या, शेतकरी मुलग्यांना बायका मिळेनात, तेव्हा दलालांमार्फत व्हिएतनाम, चीन, फिलिपिन्स, कंबोडियातून मुली आणल्या गेल्या. काही ठिकाणी स्थानिक सरकारांनी या लग्नांसाठी पैसेही दिले. २००५ च्या सुमारास लग्न करणाऱ्या शेतकरी आणि मच्छीमार पुरुषांपैकी तीनातल्या एकाहून अधिकाने परदेशी बायको केली होती. २००८ साली या कुटुंबांसाठी कायदा झाला, गावोगावी केंद्रं निघाली. तिथे सुनांना कोरियन शिकवतात, किमची घालायला शिकवतात. बायकोची भाषा नवऱ्याने शिकावी, असा आग्रह मात्र कुणी धरत नाही.

या बाई कॉलेज शिकलेल्या होत्या. त्यांचं बरंचसं शिक्षण इंग्रजीतून झालेलं. आता सासऱ्यांच्या कांद्याच्या शेतात काम आणि सासूची शुश्रूषा. मुलगी तान्ही असताना त्या तिच्याशी इंग्रजीत बोलायच्या. पुढे सासू ओरडली, पोरगी कोरियन नीट शिकणार नाही म्हणून. मग फक्त दोघीच असताना, हळू आवाजात.

आणि शाळेत? अशा घरांतल्या मुलांना तिथे ‘दामुन्ह्वा’ म्हणतात. शब्दाचा अर्थ बहुसांस्कृतिक, सरकारी कागदावर गोड दिसणारा. मैदानावर तीच शिवी होते. ही मुलगी नीट इंग्रजी बोलली असती तर सगळ्यांना आठवलं असतं की हिची आई परकी आहे. ज्या गावाने इंग्रजी शिकवायला विमानाचं तिकीट देऊन माणूस आणलं, त्याच गावात एका मुलीला आपलं इंग्रजी लपवावं लागत होतं.

आमच्या बहिणीने चूक केली. पालकांना वर्ग बघायला बोलावलं त्या दिवशी तिने सगळ्यांदेखत त्या बाईंना सांगितलं की तुमचं इंग्रजी माझ्याइतकंच चांगलं आहे, तुम्हीच हा वर्ग का घेत नाही? हेतू चांगलाच होता. बाई हसून खाली बघू लागल्या. मुलगी पुढचे तीन आठवडे बहिणीशी बोलली नाही. नंतर तिने मुख्याध्यापकांकडेही विषय काढला. ते सज्जन गृहस्थ. म्हणाले, पालकांना मूळ भाषक हवा असतो. बाईंना नोकरी करायला कायद्याची आडकाठी नव्हती, लग्नाच्या व्हिसावर काम करता येतं. आडकाठी निराळी होती.

रविवारी ती रडत फोनवर म्हणाली, ‘‘ताई, मी आईशी मराठीत बोलायला लाजायचे गं. त्या पोरीला मी तेच करायला लावलं, सगळ्यांसमोर.’’ मी काय सांगितलं? ‘तू तिथे सहा महिन्यांची पाहुणी आहेस, तुझं काम कर.’ एम.एस.डब्ल्यू. झालेल्या बाईचा सल्ला हा!

मैत्रिणींनो, आपल्याकडे भाषेचा वाद निघाला की तो ‘मराठी की इंग्रजी’ एवढ्यावरच थांबतो. सावित्रीबाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता, २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं, आणि आपण अजून त्याच प्रश्नाभोवती फिरतो आहोत. मला निराळं विचारायचं आहे. तेच इंग्रजी पासपोर्टातून आलं की शिक्षण आणि सुनेच्या तोंडून आलं की कुजबुज, हे कोण ठरवतं? लग्न झालं की बाईने आधी कमावलेलं सगळं माहेरी ठेवून यायचं असतं, हे आपण हुंड्याच्या, घरकामाच्या संदर्भात शंभरदा बोललो. तिच्या ज्ञानाबद्दल किती वेळा बोललो? सुईणीचं झालं तेच. तिच्या हातावर गावं जन्मली, आणि नोंद झाली ती ‘अप्रशिक्षित’ म्हणून.

आता वस्तीतला प्रसंग. आमची संस्था आठवी-नववीच्या मुलींसाठी संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचा वर्ग चालवते. शिकवायला इंग्रजी माध्यमात शिकलेल्या कॉलेजच्या मुली येतात, त्यांना आम्ही मानधन देतो. गेल्या पावसाळ्यात त्यांची परीक्षा आली, वर्ग बंद पडायची वेळ आली. तेव्हा एक नववीतली मुलगी म्हणाली, ‘‘आजीला विचारा की.’’ तिची आजी, आम्ही सगळ्या त्यांना मावशी म्हणतो, कोरेगाव पार्कात परदेशी कुटुंबांकडे सतरा वर्षं स्वयंपाक करत होत्या. डॉक्टरला फोन लावणं, गॅसवाल्याची तक्रार, पगाराची घासाघीस, सगळं इंग्रजीत. आमच्या बचत गटात त्या सहा वर्षं आहेत. आम्ही त्यांना सतरंज्या टाकायला, चहा करायला सांगितलं आहे. इंग्रजीबद्दल कधी विचारलं नाही.

या वेळी मी चारचौघांत काही बोलले नाही. त्यांच्या घरी गेले. नात आतल्या खोलीत अभ्यास करत होती. मावशींनी ऐकून घेतलं, चहा दिला, मग म्हणाल्या, ‘‘येईन की ताई. पण कॉलेजच्या पोरींना देता तेवढेच पैसे मला देणार का? का माझं सेवा म्हणून धरणार?’’

मी संस्थेत विषय मांडला. दोघी म्हणाल्या, व्याकरण कच्चं आहे त्यांचं. एक म्हणाली, देणगीदारांना काय सांगायचं? मी आणि आणखी एक, अशा दोघी मावशींच्या बाजूने. वर्ग त्या आता घेत आहेत, आठवड्यातून दोन संध्याकाळी, आणि मुली फोनवर बोलायचा सराव करतात. मानधन मात्र अजून अर्धंच मिळतं. पुढच्या बैठकीत मी तो विषय पुन्हा घेते आहे.