शुभ्र वस्त्रातील उमेदवार



शहादा-तळोदा परिसरात आपल्या समाजातील काही कुटुंबे बी-बियाणे, खते व औषधे यांचा व्यापार करतात. उसाच्या खोडव्यातील एखादे बेट उपटून दुकानात घेऊन येणारा शेतकरी त्यांना नवा नाही. त्या बेटाला ऊस धरलेला नसतो. केरसुणीसारखे बारीक, फिकट पिवळे, कधी अगदी पांढुरके फुटवे तेवढे असतात. ‘शेठजी, यावर काही औषध द्या,’ एवढेच त्याचे मागणे असते.

या रोगाला गवताळ वाढ म्हणतात. १९४९ साली अहमदनगर जिल्ह्यातील बेलापूर येथे तो आढळल्याची नोंद आहे. अशा रोगांचे मूळ विषाणूत असावे, असे दीर्घकाळ मानले जाई. १९६७ साली जपानी संशोधकांनी तुतीच्या रोगट झाडांच्या रसवाहिन्यांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पाहिले, तेव्हा तेथे पेशीभित्तिका नसलेले अतिसूक्ष्म जीवाणू दिसले. आज त्यांना फायटोप्लाझ्मा म्हणतात. रोगट बेण्यातून ते एका शेतातून दुसऱ्या शेतात जातात. रस शोषणारे कीटकही त्यांना वाहून नेतात.

हे जीव प्रयोगशाळेत वाढविणे मात्र शास्त्रज्ञांना नीटसे साधलेले नाही. बशीत कितीही पौष्टिक खाद्य मांडले तरी ते तेथे टिकत नाहीत. ऊर्जा निर्माण करण्याची काही मूलभूत साधनेच ते गमावून बसले आहेत. ती उणीव ते यजमान वनस्पतीच्या पेशीतून भरून काढतात. आता जीवाणूला अधिकृत नाव मिळायचे, तर त्याचे शुद्ध संवर्धन करून ते संग्रहालयात ठेवावे लागते. ज्यांचे संवर्धनच होत नाही, त्यांच्यासाठी गेल्या शतकाच्या अखेरीस ‘कँडिडाटस’ ही तात्पुरती उपाधी योजण्यात आली. या लॅटिन शब्दाचा अर्थ शुभ्र वस्त्र नेसलेला. प्राचीन रोममध्ये पदाचा उमेदवार शुभ्र केलेले वस्त्र पांघरून लोकांसमोर येई. (आमच्या श्वेतांबर वाचकांना हे वाचून हसू आले, तर ते क्षम्य आहे.)

उसातील या जीवाणूला अशी उपाधी मिळाली ती आपल्या पुण्यातील संशोधनामुळे. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या सूक्ष्मजीव संग्रहालयातील अमित यादव, योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकीय मजकूर वाचून त्याचे वेगळेपण सिद्ध केले, आणि २०२१ मध्ये ‘कँडिडाटस फायटोप्लाझ्मा सॅकारी’ हे नाव प्रसिद्ध झाले. जीव बशीत आला नाही. त्याची कुंडली मात्र हाती आली.

प्राण्यांतही असे सहवासी आहेत. कपाशीवरचा मावा आपल्याकडे सर्वांच्या परिचयाचा. माव्याच्या शरीरातील खास पेशींत बुखनेरा नावाचे जीवाणू राहतात. झाडाच्या रसात जी पोषक द्रव्ये अपुरी असतात, ती ते माव्याला पुरवितात आणि आईकडून पिलांकडे जातात. हा संसार कोट्यवधी वर्षांचा आहे. दोघांपैकी कोणीही एकट्याने नीट जगू शकत नाही.

हे ऐकले की प्रवचनानंतरच्या गप्पांत कोणीतरी हमखास म्हणतो, ‘पाहा, निगोद विज्ञानाने सिद्ध केला!’ अशी घाई मला रुचत नाही. निगोदात अनंत जीवांचे एकच साधारण शरीर असते. येथे प्रत्येक जीवाणूची पेशी स्वतंत्र आहे. आगमातील संकल्पनेला सूक्ष्मदर्शकाचे प्रमाणपत्र लागत नाही, आणि सूक्ष्मदर्शकाला आपल्या शाबासकीची गरज नाही. डोळ्यांना न दिसणारे जीव पानोपानी आहेत, ही जाणीव दोन्हीकडे आहे. तेवढे साम्य मला पुरते.

खरी कसोटी प्रवचनात नसून दुकानात आहे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य गणले आहे. कीटकनाशकांचा व्यापार त्यात मोडतो काय, हा प्रश्न आपल्या कित्येक घरांत जेवणाच्या पानावर निघतो आणि पान उचलताच मिटतो. तो मी आज सोडवू शकणार नाही. परंतु गवताळ वाढीपुरते उत्तर स्पष्ट आहे. बुरशीनाशक येथे व्यर्थ, कारण बुरशीच नाही. टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाने लक्षणे दबतात, पण ते थांबविताच पुन्हा उमटतात. उभ्या उसाला ते देणे व्यवहार्यही नाही. फवारणीने फार तर वाहक कीटक मरतील. बेटात शिरलेला जीवाणू तसाच राहील.

म्हणून शेठजींनी त्या शेतकऱ्याला सांगावयाचे ते असे : रोगट बेटे मुळासकट काढून टाक. या प्लॉटचे बेणे कोणाला देऊ नकोस आणि खोडवाही राखू नकोस. पुढच्या लागणीसाठी ५४ अंश सेल्सियसच्या बाष्पयुक्त उष्ण हवेत अडीच तास प्रक्रिया केलेल्या बेण्यापासून वाढविलेले, किंवा ऊतिसंवर्धित रोपांपासून तयार झालेले बेणे आण.

यात विकण्यासारखी एकही बाटली नाही. तो शेतकरी रिकाम्या हाताने पायऱ्या उतरतो, आणि समोरच्या दुकानात त्याच्यासाठी बाटली काढून ठेवलेलीच असते.