सात माणसे आणि एक वही



गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर गावातील काही तरुण आमच्या भेटीस आले. गावात एक सेवाभावी संस्था काढावी असा त्यांचा विचार ठरला होता व तीस आमचा आशीर्वाद हवा होता. संस्थेचे नाव ठरले होते. पावतीपुस्तकावर कोणते चित्र छापावे तेही ठरले होते. एवढेच नव्हे, तर अध्यक्ष कोणी व्हावे यावरून थोडी धुसफूसही होऊन गेली असावी, असे दोघातिघांच्या चेहऱ्यांवरून दिसत होते. आम्ही त्यांस चहा दिला आणि विचारले, "मुलांनो, ही संस्था करणार काय?" तेव्हा सारे एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी एकजण म्हणाला, "समाजसेवा, फादर."

उत्तर चुकीचे नव्हते, परंतु मोघम होते. 'शेती करणार' असे म्हणणाऱ्या माणसास कोणते पीक, किती जमीन, बियाणे कोठून आणणार, हे विचारावेच लागते. पुष्कळ बोलणे झाल्यावर असे निघाले की, वरच्या वाडीतील तीन मुलांनी दहावीनंतर शाळा सोडली, कारण तालुक्याच्या गावी राहण्याजेवणाचा खर्च त्यांच्या घरांस झेपेना. आम्ही म्हटले, "ही तुमची संस्था. नाव नंतर पाहू." त्या दिवशीचे आमचे बोलणे इतर गावांतील वाचकांसही उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून ते येथे मांडीत आहोत.

संस्था गरजेतून निघावी, हौसेतून निघू नये, ही पहिली गोष्ट. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे उदाहरण आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली. खेड्यातील गरिबाच्या मुलास शहरात राहण्यास जागा नाही म्हणून तो शिकत नाही, ही एक गोष्ट त्यांनी नीट ओळखली होती. १९२४ साली संस्था साताऱ्यास आली, आणि तेथील वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एका छपराखाली राहू व एका पंक्तीस जेवू लागली. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रदेखील, दिले. संस्थेची रीतसर नोंदणी झाली ती १९३५ साली, म्हणजे काम सोळा वर्षे चालल्यानंतर.

तिकडे फ्रान्समध्येही असेच घडले. फ्रेडरिक ओझानाम हा पॅरिसमधला विद्यार्थी मित्रांसह वादसभा भरवीत असे. तुमचा धर्म आज गरिबांसाठी काय करतो, असा टोमणा त्यास विरोधकांकडून ऐकावा लागला. एप्रिल १८३३ मध्ये मूठभर विद्यार्थी एकत्र आले आणि वाद सोडून गरिबांच्या घरी जाऊ लागले. कोणाच्या घरी जावे, काय न्यावे, कसे बोलावे, हे त्यांस सिस्टर रोझाली रेंद्यू या अनुभवी भगिनीने शिकविले. हीच पुढे संत विन्सेंट दी पॉल यांच्या नावाची संस्था झाली. तिची नियमावली तयार झाली १८३५ साली. दोन्हीकडे आधी काम आणि मागाहून कागद, असा क्रम आहे. तेव्हा आमच्या तरुणांस आमचे सांगणे एवढेच की, आधी सहा महिने त्या तीन मुलांचा भार उचलून पाहा. तेवढ्याने कोण टिकतो आणि कोण फोटोपुरता येतो, हेही कळेल.

आता कागदाकडे वळू. काम टिकणार असे दिसले की नोंदणी अवश्य करावी. नोंदणीवाचून संस्थेच्या नावाने व्यवहार करणे अवघड जाते, आणि सारे काही कोणा एका व्यक्तीच्या नावावर राहते. आपल्या देशात यासाठी मुख्यत्वे तीन वाटा आहेत: संस्था म्हणून नोंदणी, विश्वस्त निधी म्हणजे ट्रस्ट, आणि नफा न वाटणारी कंपनी. खेड्यातील कामास पहिली वाट सोयीची, कारण तीत सभासदांस मत असते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे संस्था काढण्यास निदान सात माणसे लागतात. गोव्यात हाच कायदा चालतो. कर्नाटकाच्या सीमाभागात १९६० चा राज्याचा कायदा आहे, व तेथेही सात माणसेच लागतात. मध्य प्रदेशात १९७३ चा स्वतंत्र कायदा आहे. गुजरातेत संस्थेच्या नोंदणीबरोबर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडेही नोंद करावी लागते.

सात हा आकडा वाचून आपल्या लक्षात एक गोष्ट आली असेल. प्रेषितांच्या काळी यरुशलेमेत रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर निघाली, तेव्हा त्या कामासाठी स्तेफन, फिलिप वगैरे सात माणसे निवडण्यात आली. कायद्यातील सातांचा त्या सातांशी काही संबंध नाही; परंतु पवित्र कामातही वाटपावरून तक्रार होते, आणि तक्रारीवर उपाय म्हणजे चांगल्या नावाची माणसे सर्वांसमक्ष निवडणे, हा बोध मात्र आजही खरा आहे. सातही एकाच घराण्यातील नसावेत. त्यांत निदान दोन-तीन स्त्रिया असाव्यात. घरात तांदूळ केव्हा संपतो हे त्यांस आधी कळते.

नोंदणीसाठी दोन लेख लागतात. विधानपत्रात संस्थेचे नाव, उद्देश आणि पहिल्या कार्यकारी मंडळाची नावे, पत्ते व व्यवसाय असतात. नियमावलीत सभासद कोण होऊ शकतो, वर्गणी किती, सभा केव्हा, किती माणसे जमल्यावर सभा भरली असे मानावे, पदाधिकारी किती वर्षांसाठी, हे लिहावे. कोणत्यातरी जुन्या संस्थेची नियमावली नाव बदलून उतरवून काढण्याची चाल आहे. ती बरी नव्हे. भांडण झाले म्हणजे तीच नियमावली उघडली जाते, आणि तीत आपल्या गावाचा प्रश्नच नसतो. दरवर्षी सर्वसाधारण सभा घेऊन कार्यकारी मंडळाची यादी निबंधकाकडे पाठवावी लागते. पुष्कळ संस्था येथेच चुकतात: नोंदणीचा कागद चौकटीत बसवून भिंतीवर लावतात आणि पुढे दहा वर्षे निबंधकास पत्रही धाडीत नाहीत. आणखी एक कलम ध्यानात ठेवावे. १८६० च्या कायद्याप्रमाणे संस्था मोडली, तर देणी भागवून उरलेली मालमत्ता सभासदांनी वाटून घ्यावयाची नसते. ती दुसऱ्या संस्थेस द्यावी लागते. म्हणजे संस्था ही कोणाचीच मिळकत नव्हे.

देणग्यांविषयीही दोन शब्द सांगतो. संस्थेच्या नावाने पॅन क्रमांक काढून आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी केली, तरच देणगीदारास करात सवलत मिळते. रोख देणगी दोन हजार रुपयांहून अधिक असल्यास ती सवलत मिळत नाही. परदेशातून येणाऱ्या पैशाचा नियम आणखी कडक आहे. २०१० च्या कायद्याखाली केंद्र सरकारची नोंदणी वा पूर्वपरवानगी असल्यावाचून संस्थेने परदेशी देणगी घेऊ नये. २०२० च्या दुरुस्तीपासून तर ती दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते. आखातात नोकरीस असलेला, भारतीय पासपोर्ट बाळगणारा आपला भाऊ स्वतःच्या कमाईतून पैसे धाडील, तर ते परदेशी देणगीत मोडत नाहीत. परंतु ज्याने पोर्तुगालचे नागरिकत्व घेतले, तो या कायद्याच्या दृष्टीने परदेशी होय, मग तो आपल्याच वाडीत जन्मलेला का असेना. भोळेपणाने घेतलेल्या अशा पैशापायी संस्था अडचणीत येऊ शकते.

येथवर सारे सोपे आहे. आता अवघड गोष्टीकडे येतो, आणि ती सांगताना आमचाच दोष कबूल करावयाचा आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका गावी होतो. तेथे आजारपण व अंत्यविधी यांसाठी एक साहाय्य मंडळ होते. साठ घरे महिन्याला पन्नास रुपये देत. अध्यक्षपद आमच्याकडे होते. खजिनदार गावचे एक सुतार. माणूस असा की, कोणाच्या शवपेटीची मजुरी त्यांनी कधी घेतली नाही. मंडळाचे पैसे त्यांच्या कपाटात असत आणि हिशेब त्यांच्या डोक्यात. कोणी हिशेब विचारला नाही. आम्हीही विचारला नाही. अशा माणसास हिशेब विचारणे म्हणजे त्याचा अपमान करणे, असे आम्हास वाटे.

एका पावसाळ्यात ते छातीत कळ येऊन अचानक वारले. त्यांच्या सातव्या दिवसाच्या मिस्सेनंतर मंडळाचे पैसे मोजले, ते तेवीस हजार भरले. लोकांच्या अंदाजाने चाळीस हजार असावयास हवे होते. त्यांच्या पत्नीस काही सांगता येईना. उघड कोणी बोलले नाही. परंतु विहिरीवर त्या आल्या की इतर बायका गप्प होत. तीन महिन्यांनी त्यांनी दुभती म्हैस विकली, पाठीशी होते नव्हते ते घातले आणि सतरा हजार रुपये आमच्या टेबलावर आणून ठेवले. आम्ही ते घेतले. आज लिहितानाही या वाक्यापाशी हात थांबतो.

पुढच्या वर्षी शेजारच्या वाडीतील एक गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांच्या मुलीस रात्री इस्पितळात न्यावे लागले होते, तेव्हा खजिनदारांनी मंडळाच्या पेटीतील सतरा हजार रुपये त्यांच्या हाती ठेवले होते. गोष्ट बाहेर फुटू नये अशी विनंती त्यांनीच केली होती, म्हणून पावती झाली नाही. पुढे खजिनदार गेले, आणि गृहस्थांस लाजेने तोंड उघडवले नाही. पैसा योग्य कामीच गेला होता. एका ओळीची नोंद तेवढी नव्हती.

आम्ही त्या बाईंच्या घरी गेलो, क्षमा मागितली आणि पैसे परत देऊ केले. त्या म्हणाल्या, "पैशांचे मागाहून पाहू, फादर. आधी सभेत हे वाचून दाखवा." मुलीचे नाव न घेता आम्ही ते सर्वसाधारण सभेत वाचून दाखविले. सभा उठल्यावर बायका एकेक करून त्यांच्याजवळ गेल्या. पैसेही त्यांस परत मिळाले. म्हैस मात्र परत आली नाही.

तेव्हापासून आमचे मत असे झाले आहे की, हिशेब हा चोरासाठी नसून सज्जनासाठी आहे. चोर खोटा हिशेबही लिहील. परंतु सज्जनाच्या मागे त्याच्या बायकामुलांची बाजू सांगण्यास वहीवाचून दुसरे कोणी नसते. संत पौलानेदेखील यरुशलेमेतील गरिबांसाठी जमविलेली मदत एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली, ती अशासाठी की कोणास संशय घेण्यास जागा राहू नये. जे त्यास आवश्यक वाटले, ते आपणास अपमानाचे का वाटावे?

म्हणून आमच्या तरुणांस आम्ही पाच गोष्टी लिहून दिल्या. पैसा बँकेत ठेवावा, आणि तो काढण्यास दोन सह्या लागाव्यात; त्या दोघांचे एकमेकांशी नाते नसावे. आलेल्या प्रत्येक रुपयाची पावती द्यावी व गेलेल्या प्रत्येक रुपयाची सही घ्यावी. गुप्त मदत द्यावयाची झाल्यास वहीत नावाऐवजी क्रमांक घालावा, आणि तो क्रमांक कोणाचा हे दोघांस ठाऊक असावे, एकट्यास नव्हे. रोजकीर्द त्याच दिवशी लिहावी, आणि दर तीन महिन्यांनी हिशेब सभेत मोठ्याने वाचावा. वर्षअखेर तो बाहेरच्या जाणत्या हिशेबनिसाकडून तपासून घ्यावा. आणि खजिनदार तीन वर्षांनी बदलावा, तो कितीही चांगला असला तरी. किंबहुना चांगला असेल तर अगत्याने बदलावा, म्हणजे दुसऱ्यास त्याच्याकडून शिकता येईल.

अध्यक्षाविषयी त्यांनी विचारले, तेव्हा आम्ही नकार दिला. पाद्री अध्यक्ष असला की लोक हिशेब विचारण्यास संकोचतात, हे आम्ही पाहिले आहे. शिवाय आमची बदली होते; गाव तेथेच राहते. सल्ला देऊ, सभेस मागे बसू, आणि हिशेब वाचला नाही तर उभे राहून विचारू, एवढे मात्र कबूल केले.

काल संध्याकाळी त्यांच्यातील एक मुलगी आम्हास नवी वही दाखवावयास आली. पहिल्या पानावर तीन ओळी होत्या: सात जणांकडून प्रत्येकी शंभर रुपये जमा, वहीचा खर्च साठ, शिल्लक सहाशे चाळीस. खाली दोन सह्या होत्या. संस्थेचे नाव अजून ठरलेले नाही. वरच्या वाडीतील एका मुलाचे पुन्हा शाळेत नाव घालावयाचे ठरले आहे, आणि येत्या सोमवारी त्यास बसमध्ये बसवून देण्यास ती स्वतः जाणार आहे.

आपल्या गावीही कोणी असे काही आरंभिले असेल, तर त्यास वर्गणी अवश्य द्या, आणि वर्गणीबरोबर पावतीही मागा. त्याच्यावर तुमचे प्रेम असेल, तर अधिक आग्रहाने मागा.