वडखळच्या पलीकडचा पडदा

६ जून २०२५चा शुक्रवार. रायगडावर राज्याभिषेक सोहळ्याला निघालेल्यांच्या गाड्या पाचाडच्या दिशेने चाललेल्या आणि मी रेवदंड्याहून पनवेलला निघालेलो. पावसाळ्यामुळे मांडव्याच्या लाँच बंद. म्हणून अलिबागपर्यंत मिनीडोर, पुढे एसटी, आणि वडखळला ठरलेला खोळंबा. त्या शुक्रवारी 'जारण' लागला आणि 'हाउसफुल ५'ही लागला. 'हाउसफुल'च्या तर दोन आवृत्त्या होत्या, प्रत्येकीत खुनी वेगळा. मल्टिप्लेक्सच्या फलकावर सकाळपासून रात्रीपर्यंत त्याचेच खेळ होते. 'जारण'ला एक दुपारचा आणि एक रात्रीचा. रात्रीचा बघितला तर परतीची गाडी मिळत नाही, त्यामुळे आमच्यासारख्यांना एकच खेळ उरला.

वर्षअखेरीला आवडत्या-नावडत्या चित्रपटांचा हिशेब मांडायला बसलो की मला आधी हे प्रवास आठवतात. किनाऱ्यावरच्या माणसाचा अख्खा दिवस जातो चित्रपटासाठी. वाडीतलं शिंपणं शेजाऱ्यावर सोपवायचं, घरी सांगून निघायचं, आणि रात्री परतताना गाडीच्या खिडकीला डोकं टेकून जे पाहिलं ते पुन्हा पाहायचं. परतीच्या वाटेवर जो चित्रपट सोबत येतो तो चांगला, एवढीच माझी कसोटी आहे.

'जारण' सोबत आला. त्याचे लेखक-दिग्दर्शक हृषीकेश गुप्ते आपल्या रायगड जिल्ह्यातले. 'दंशकाल' आणि 'गोठण्यातल्या गोष्टी' ज्यांनी वाचलं आहे त्यांना ठाऊक आहे की या लेखकाची भीती भुताखेतांपेक्षा घरातल्या माणसांतून जास्त येते. अमृता सुभाषची राधा एका वाक्यात शहाणी असते आणि पुढच्याच वाक्यात तिच्या डोळ्यांतून कोणी दुसरंच बघायला लागतं. त्यासाठी अंधार नाही, किंकाळी नाही, नुसती मान किंचित वळते. अनिता दातेंची गंगुटी पडद्यावर नसतानाही घरात वावरत राहते. करणी आणि मनाचा आजार यांतली रेघ हा चित्रपट घाईने ओढत नाही. आमच्याकडे अजूनही आजारी माणसाला डॉक्टरआधी बाहेरचं बघणाऱ्याकडे नेणारी घरं आहेत. त्या घरांनी हा चित्रपट बघावा असं मला मनापासून वाटलं.

'हाउसफुल ५' त्या वर्षाचा माझा सर्वांत नावडता. विनोदी चित्रपट मला मनापासून आवडतात. पण अख्खा चित्रपट जहाजावर घडतो आणि त्यात समुद्र कुठेच नाही. लाटेने बोट कलते तेव्हा पायाची बोटं आपोआप फळी धरतात, ओठांवर मीठ येतं, हे ज्यांना रोजचं आहे त्यांना ते जहाज जमिनीवरच्या हॉटेलसारखं वाटतं. बायकांच्या शरीरावरचे विनोद तर पन्नास वर्षं जुने. दोन आवृत्त्या काढून प्रेक्षकाने दोनदा तिकीट काढावं अशी अपेक्षा ठेवली, पण एकदा बघण्याजोगी गोष्ट लिहिली नाही. ऑगस्टमधला 'वॉर २'ही त्याच माळेतला. हृतिक रोशन आणि ज्युनियर एनटीआर यांच्यासारखे दोन कसदार नट हाताशी असून देश बदलत राहिले, गाड्या उडत राहिल्या आणि मध्यंतरानंतर मला कोणाचीच काळजी वाटेनाशी झाली.

'छावा'बद्दल लिहिताना हात थोडा थांबतो. लक्ष्मण उतेकरांनी १४ फेब्रुवारीला आणलेला संभाजीराजांवरचा हा चित्रपट मी श्वास रोखून पाहिला, शेवटी प्रेक्षागृहात एकही माणूस बोलत नव्हता. विकी कौशलची मेहनत खरी आहे. पण मी राहतो त्या रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटाला १६८३ मध्ये मराठ्यांनी वेढा घातला होता. त्याआधी १६८२ मध्ये जंजिऱ्यासाठी संभाजीराजांनी समुद्रात दगड टाकून सेतू बांधायला घेतला होता. राजपुरीच्या धक्क्यावर उभं राहिलं की त्या कल्पनेची छाती केवढी होती ते कळतं. या किनाऱ्यावरच्या राजाला पडद्यावर हवी तेवढी जागा मिळाली नाही आणि छळाच्या दृश्यांना मात्र भरपूर मिळाली. राजांचं मरण मोठं होतंच, त्यांचं नऊ वर्षांचं राज्य चालवणं त्याहून मोठं होतं, असं मला वाटतं.

१२ सप्टेंबरला 'दशावतार' आला तेव्हा गणपती जाऊन आठवडाही झाला नव्हता. आईला घेऊन गेलो. बाबुली मेस्त्री हा म्हातारा दशावतारी, नजर अधू होत चाललेली, मुलगा म्हणतो आता पुरे. दिलीप प्रभावळकर तेव्हा ८१ वर्षांचे होते. चेहऱ्याला रंग लावताना त्यांची बोटं ज्या सवयीने फिरतात ती बघून आईने माझा हात धरला. उत्तरार्धात सूडाची गोष्ट थोडी भडक होते हे खरं. पण राखणदाराच्या जंगलावर खाणवाल्यांची नजर पडते तेव्हा मला सिंधुदुर्ग दिसला नाही, आमची आगरं दिसली. आमच्याकडे खाण येत नाही, प्लॉट पाडणारे येतात. तीन पिढ्यांच्या पोफळी एका सकाळी आडव्या होतात आणि आठवड्यात तिथे कुंपणाची भिंत उभी राहते. परतताना आई पेणपर्यंत गप्प होती. मग एवढंच म्हणाली, "अरे, त्याच्या पायाखालची जमीन तरी त्याची होती."

आणि वर्षाचा सर्वोत्तम, 'साबर बोंडं'. रोहन कानवडे यांच्या या पहिल्याच चित्रपटाला जानेवारीत सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपटांच्या विभागातला सर्वोच्च परीक्षक पुरस्कार मिळाला. मराठी चित्रपटाला असा मान तिथे पूर्वी कधी मिळाला नव्हता. आपल्याकडे तो १९ सप्टेंबरला, ऐन पितृपक्षात लागला. मला जवळपास कुठे सापडला नाही. लाँच सुरू झाल्या होत्या, मांडव्याहून गेटवे गाठलं आणि दुपारच्या खेळाला बसलो. माझ्यासह अकरा माणसं. वडील गेल्यावर आनंद मुंबईहून गावी येतो, दहा दिवसांचं सुतक पाळतो, नातेवाईक लग्नाचं विचारत राहतात आणि बालपणीचा मित्र बाळ्या पुन्हा भेटतो. दोन पुरुषांमधलं प्रेम इतक्या साधेपणाने मराठीत मी पाहिलं नव्हतं. पार्श्वसंगीत अजिबात नाही, त्यामुळे माणसांचे श्वाससुद्धा ऐकू येतात. काटे काढून हातावर ठेवलेलं निवडुंगाचं लाल फळ आणि सगळं ठाऊक असलेली, मुलाच्या पाठीशी उभी राहणारी आई, हे दोन्ही परतीच्या लाँचमध्ये माझ्याबरोबर होते. आपल्या गावांत असे आनंद आहेत, असे बाळ्या आहेत. त्यांच्या आयांना हा चित्रपट दाखवायला हवा.

'आता थांबायचा नाय'चं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत बसून दहावी देतात, ही घडलेली गोष्ट शिवराज वायचळांनी कामगारांचा मान राखून सांगितली. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव यांना बऱ्याच वर्षांनी त्यांच्या तोलाचं काम मिळालं.

माझ्या यादीतल्या चांगल्या चित्रपटांपैकी 'दशावतार' सोडला तर एकाही खेळाला मी प्रेक्षागृह अर्ध्याहून जास्त भरलेलं पाहिलं नाही. पहिल्या शनिवार-रविवारी खुर्च्या रिकाम्या राहिल्या की दुसऱ्या शुक्रवारी खेळ कमी होतात, आणि आपण 'जाऊ पुढच्या आठवड्यात' म्हणेपर्यंत चित्रपट उतरलेला असतो.   म्हणून अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या वाचकांना विनंती आहे की चित्रपटाला जायचं असेल तर पहिल्याच रविवारी जा, चौघं मिळून गाडी करा, आणि दुपारचा खेळ घ्या.