बॅटरी चिकटवावीच लागते, हे खरे नाही



फोन पाण्यापासून वाचवायचा तर बॅटरी आत चिकटवणे भागच आहे, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे मला मान्य नाही. सॅमसंगच्या २०१४ सालच्या गॅलेक्सी एस५चे मागचे झाकण नखाने उघडत असे, बॅटरी सरळ हातात येई. तरीही त्या फोनला आयपी६७ दर्जा होता, म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकण्याची हमी.

माझ्या आईच्या चार वर्षांच्या फोनची बॅटरी दुपारपर्यंतही पुरेना. सेवा केंद्रात ‘नवाच घ्या’ म्हणाले. शेवटी आमच्या पेठेतल्या दुरुस्तीवाल्याने मागची काच गरम करून, जपून सोडवली आणि बॅटरी बदलली. फोन आजही चालू आहे. अशा कारागिरांना सुटे भाग का मिळू नयेत?

युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७पासून, काही अपवाद वगळता, बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता येणे बंधनकारक होणार आहे. आपल्याकडे डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राचे पोर्टल आले. पण ते माहितीपुरतेच. सुटे भाग देण्याची सक्ती करणारा कायदा आपल्याला हवा आहे, आणि तो मागण्यात हट्ट कसला?

– एक वाचक, सातारा