रात्रीची विमाने आणि श्रमिकांची झोप

मुंबईहून युरोपला जाणारी अनेक विमाने मध्यरात्रीनंतर निघतात. यामागे निसर्गाचा कोणताही नियम नाही. ती विमाने तिकडे सकाळी उतरावीत, म्हणजे प्रवाशांचा कामाचा दिवस वाया जात नाही आणि तेथील रात्रीच्या निर्बंधांचाही भंग होत नाही, असा हा हिशेब आहे. फ्रँकफुर्टला रात्री ११ ते पहाटे ५ नियोजित विमानांना मज्जाव आहे. लंडनच्या हीथ्रोवर रात्रीची उड्डाणे वर्षाला ५,८०० एवढीच आणि प्रत्येक विमानाच्या आवाजानुसार गुण मोजून होतात. मुंबईत असा संख्येचा निर्बंध नाही. तिकडची रात्र राखण्यासाठी इकडची रात्र खर्ची पडते.

आणि इकडची रात्र तरी कोणाची? धावपट्टीच्या पूर्व टोकाशी कुर्ल्याची जरीमरी आहे. काचा लावून वातानुकूलित खोलीत निजणाऱ्याला विमानाचा आवाज चुकवता येतो. पत्र्याखाली निजणाऱ्या, पहाटे कामावर निघणाऱ्या श्रमिकाला तो चुकवता येत नाही.

कायदा याबाबत काय म्हणतो? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा घातली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने विमानतळांच्या ध्वनिक्षेत्रासाठी वेगळी मानके काढली. त्यांत वर्दळीच्या विमानतळांना रात्री ६५ डेसिबलची मुभा मिळाली. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दसपट होते. म्हणजे २० डेसिबलची ही सवलत प्रत्यक्षात शंभरपट ऊर्जेची आहे. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी विमानांच्या रात्रीच्या आवाजाची शिफारस ४० डेसिबलच्या आत ठेवली होती. झोप हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये रामलीला मैदान प्रकरणी म्हटले. पण विमानाखालच्या वस्तीपर्यंत तो हक्क पोहोचलेला नाही.

उत्पादकाने जो खर्च समाजावर ढकलला, तो कररूपाने त्याच्याकडूनच वसूल करावा, हे पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० मध्येच मांडले होते. त्यासाठी समाजवादी असण्याचीही गरज नाही. येथे मात्र नफा कंपन्यांचा आणि जागरण वस्तीचे, अशी वाटणी आहे.

रात्रीच्या वाहतुकीवर हमाल, सफाई कामगार आणि टॅक्सीचालक यांची रोटी अवलंबून आहे, हा आक्षेप खरा आहे. तो झटकून टाकता कामा नये. म्हणूनच सरसकट बंदी नको, टप्प्याटप्प्याने नियमन हवे. रात्रीच्या उड्डाणांची कमाल संख्या ठरवावी, आवाजाच्या प्रमाणात चढता अधिभार घ्यावा, त्यातून वस्तीतील घरे व शाळा यांना ध्वनिरोधक बनवावे आणि मोजलेला आवाज दरमहा वॉर्डनिहाय जाहीर करावा.

हे केवळ न्यायालयात मिळणार नाही. हीथ्रोच्या रहिवाशांनी मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयात २००१ मध्ये दावा जिंकला. २००३ मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने देशाच्या आर्थिक हिताचा युक्तिवाद मान्य करून रात्रीच्या विमानांची बाब फिरवली. फ्रँकफुर्टला हेसे राज्याच्या सरकारने रात्री १७ उड्डाणांना दिलेली परवानगी न्यायालयाने २०११ मध्ये रोखली व २०१२ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने हे रोखणे कायम केले; पण त्या काळात नागरिक दर सोमवारी विमानतळाच्या इमारतीतच निदर्शने करीत होते. कायद्यामागे संघटित जनमत उभे असले, तरच तो टिकतो.

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. शेतकऱ्यांची गावे उठवून तो उभा राहिला. तेथे रात्रीच्या वाहतुकीची घडी बसून हितसंबंध घट्ट होण्याआधीच रात्रीचे नियम करून घेतले पाहिजेत. उलवे, पनवेल आणि कुर्ला येथील कार्यकर्त्यांनी नळ आणि रेशन यांच्या बरोबरीने झोपेचा प्रश्नही आपल्या मागणीपत्रात लिहावा. दिवसभर श्रम विकणाऱ्याची रात्र तरी त्याची स्वतःची असली पाहिजे.