कोटींची उलाढाल, तीन रुपयांचा धनी

पंपाची जमिनीखालची टाकी गळली आणि शेजारच्या विहिरीच्या पाण्याला डिझेलचा वास येऊ लागला, तर सफाईचा खर्च छोट्या पंपचालकाला एखाद्या निधीतून परत मिळावा, असे वडसा गावात कुणी नुसते म्हटले तरी आमच्या एका जाणकारांचे पित्त खवळते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: पंपवाले कोट्यधीश, त्यांना ‘लघु’ म्हणणे ही थट्टा, घाण करील तो भरील, आणि भरपाई मिळणार म्हटल्यावर टाकीकडे लक्ष कोण देणार?

शेवटच्या मुद्द्याला एक वाक्य पुरे: विमा काढला म्हणून कुणी आपला ट्रक सागाच्या झाडावर नेऊन आदळत नाही. ‘घाण करील तो भरील’ हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये उचलून धरले, ते मलाही मान्य आहे. पण टाकी कुणाची, हे तरी आधी विचारा. पुष्कळ पंपांवर टाकी तेल कंपनीची असते आणि नागपूरच्या ‘पेसो’ या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संस्थेचा परवानाही कंपनीच्याच नावावर असतो.

आता कोट्यधीशपणाकडे वळू. एखादा पंप महिन्याला एक लाख लिटर डिझेल विकतो असे धरा. रोवणीत ट्रॅक्टर आणि धानाच्या हंगामात ट्रक, एवढ्यावर चालणारा पंप. भाव नव्वद रुपये धरला तर महिन्याची उलाढाल नव्वद लाख आणि वर्षाची दहा कोटी ऐंशी लाख. झाले, जाणकारांचे डोळे पांढरे! पण त्या नव्वद रुपयांत तेलाची किंमत कंपनीची, उत्पादन शुल्क केंद्राचे, व्हॅट राज्याचा. चालकाच्या हाती लिटरमागे तीन रुपये धरले तर महिन्याला तीन लाख, आणि त्यातच पोरांचे पगार, वीज आणि बँकेचे व्याज. भाव उद्या दहा रुपयांनी वाढला तर विक्री एका थेंबाने न वाढता हा माणूस वर्षाला एक कोटी वीस लाखांनी ‘श्रीमंत’ होईल! सूक्ष्म-लघु उद्योगांच्या सध्याच्या व्याख्येत दहा कोटींपर्यंत उलाढाल असली तर सूक्ष्म आणि शंभर कोटींपर्यंत असली तर लघु. म्हणजे कायद्याच्या उलाढालीच्या फुटपट्टीनेही आमचा पंपवाला लघुच ठरतो. शिवाय किरकोळ व्यापाराला 2021 मध्ये या व्याख्येत घेतले तेही केवळ बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरते. कर्ज देताना लघु, मदत मागताना कोट्यधीश!

याच गृहस्थांनी धानाच्या बोनसच्या वेळीही शेतकऱ्याच्या बांधावरची पोती मोजून त्याला सावकार ठरवले होते. बियाणे, खत, मजुरी यांची बेरीज त्यांनी तेव्हाही केली नव्हती.

निधीची कल्पना आभाळातून पडलेली नाही. कॅलिफोर्नियात 1989 च्या कायद्याने असा निधी उभा राहिला, टाकीत साठवलेल्या इंधनावर गॅलनमागे शुल्क घेऊन. तिथे घरगुती टाकीवाल्यांचा क्रम पहिला, छोट्या व्यावसायिकांचा दुसरा, बड्यांचा शेवटी. परवान्याच्या अटी पाळल्या असाव्यात, ही अटही आहेच. आपल्याकडे जुलै 2025 मध्ये दूषित स्थळांचे नियम आले. जबाबदार माणूस सापडला तर खर्च त्याच्याकडून घ्यायचा. सापडलाच नाही तर केंद्र आणि राज्याने पाहायचे. म्हणजे पंपाला कुलूप ठोकून परागंदा झालेल्याची घाण सरकार काढणार, आणि गळती आपणहून कळवणारा घरदार विकणार. यानंतर गळती कळवायला कोण पुढे येईल, तेही जाणकारांनीच सांगावे.

माझी मागणी लहान आहे. लिटरमागे काही पैसे बाजूला काढा. टाकी कंपनीची असेल तिथे आधी कंपनीने भरावे. पात्रता उलाढालीवर नको, कमिशनवर ठरवा. आणि रजिस्टर तपासा. सकाळी टाकीचे झाकण उघडून डिप रॉडच्या टोकाला पेस्ट लावतात आणि रॉड तळाला टेकवतात. पेस्टचा रंग बदलला की आत पाणी शिरले म्हणून समजायचे. ही नोंद ज्याने रोज केली आणि तूट दिसताच कळवले, त्याला पैसे द्या. ज्याने महिन्याचे आकडे एका बैठकीत, एकाच पेनाने भरले, त्याला देऊ नका.

अर्जात उलाढालीचा रकाना ठेवायचाच असेल तर शेजारी कमिशनचाही ठेवा. दोन्ही वाचण्यासाठी लागणारा चष्मा जाणकारांना मी स्वखर्चाने देईन, त्याची भरपाई मागणार नाही.